आखूड पायाची शिडी

मित्रांनो, मला पाय दोन आहेत, पण एकटीला उभे राहता येत नाही. टेकायला भिंत लागते आणि धरायला माणूस. त्यातून माझा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड. हे व्यंग मी लपवत नाही. उलट त्याच्यामुळेच माझ्या आयुष्याचे चीज झाले असे माझे मत आहे, आणि एवढ्या वयात एखादे मत बाळगायला कुणाची ना नसावी. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. आमच्या गल्लीत मला 'शिडी' एवढेच म्हणतात, कारण तिथे दुसरी शिडी कधी नव्हतीच.

शहराच्या कडेला बसचा शेवटचा थांबा आहे. तिथून आत वळले की आमची गल्ली लागते. गल्लीच्या एका बाजूला बैठी घरे आणि समोरच्या बाजूला लांबच्या लांब लाकडाची वखार. वखारीची भिंत बुटकी होती. त्या भिंतीवरून सकाळी ऊन यायचे ते थेट घरांच्या खिडक्यांत शिरायचे आणि दुपार कलेपर्यंत हलायचे नाही. गल्ली इतकी शांत, की एका घरात भांडे पडले तर दुसऱ्या घरातून विचारणा व्हायची, "काय फुटलं का?"

माझा जन्म त्या वखारीतला. तिथे एक सुतार कामाला होता. हात भराभर चालायचे आणि तोंड त्याहून भराभर. गल्लीत कुणाची पन्हळ तुंबली, कुणाचा दिवा गेला, की लोक वखारीत येऊन काहीतरी उंच मागायचे. कधी फळकूट, कधी सुतारकामाचा लाकडी घोडा, कधी पिंप. शेवटी सुतार वैतागला आणि उरल्यासुरल्या चांगल्या लाकडातून त्याने मला घडवायला घेतले. पायऱ्या घासून गुळगुळीत केल्या, सांधे पक्के बसवले. सगळे झाल्यावर खालची टोके कापायची तेवढी राहिली होती. नेमके तेव्हा कुणीतरी गप्पा मारायला आले. सुताराने बोलता बोलता खुणेच्या भलत्याच बाजूला करवत ठेवली आणि माझा डावा पाय आखूड झाला.

"अगं बाई, ही तर लंगडी!" असे त्या वेळी कोण म्हणाले, सांगू? गल्लीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी. तिच्या घराची पन्हळ तुंबली होती म्हणून ती वखारीत येऊन उभी होती.

सुताराला काही सुचेना. दुसरा पायही कापावा, तर त्याचा आता स्वतःच्या हातावर विश्वास उरला नव्हता. त्याने मला खांद्यावर टाकले, तिच्या भिंतीला लावले आणि माझा डावा पाय दोन्ही हातांनी धरून बसला. "चढ. मी धरलंय," तो म्हणाला. ती चढली. उतरल्यावर तिने विचारले, "आता ही कुठे ठेवायची?" सुतार म्हणाला, "राहू दे इथेच. पुढच्याला लागली की तो येऊन नेईल. हिला मालक नको. फक्त एकट्याने कुणी चढायचं नाही."

झाले. गल्लीचा रिवाज पडला तो असा. ज्याने मला शेवटचे वापरले त्याच्याकडे मी राहायची. पुढच्याला हवी असली की तो दारोदार विचारत फिरायचा, "शिडी कुणाकडे आहे?" आणि विचारायला म्हणून गेलेला माणूस चहा घेतल्याशिवाय, घरच्यांची खुशाली विचारल्याशिवाय परत कसा येईल? मग मी सापडले की ज्याच्याकडे सापडले तोच पाय धरायला सोबत यायचा. पाचरेचा तुकडा लावून माझा पाय सरळ करणे काही अवघड नव्हते. एकदोघांनी लावूनही पाहिला. पण तुकडा हरवायचा, आणि खरे सांगायचे तर तो शोधायची कुणाला घाई नसायची.

ती पन्हळवाली मुलगी म्हणजेच आमच्या रफूमावशी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हते. मावशींनी खिडकीशी एक खुर्ची मांडली आणि फाटलेले कपडे रफू करायला घेतले. कोट, शाली, गणवेश, लोकांचे आवडते आणि न टाकवणारे सगळे काही त्यांच्याकडे यायचे. त्या कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायच्या किंवा डब्यातून जुळता धागा निवडायच्या, उन्हात धरायच्या आणि असा टाका घालायच्या की फाटलेली जागा नाहीशी व्हायची. "शोधून दाखवा," हे त्यांचे आवडते वाक्य. गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून थकायचे. इतक्या वर्षांत त्यांचे रफू कुणाला सापडले नव्हते, आणि त्याचा त्यांना मनापासून अभिमान होता. मला तर त्यांचा होताच. दिव्याच्या उजेडात मात्र त्या सुईला हात लावायच्या नाहीत. दिवा रंगांच्या बाबतीत खोटे बोलतो, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा मावशींचे पोट त्या खुर्चीवर, आणि खुर्चीची सगळी किंमत भिंतीवरून येणाऱ्या उन्हावर.

दिवस जात होते. सुतार म्हातारा होऊन गेला. लाकडाचा धंदा बसला आणि वखारीला कुलूप लागले. मी या घरातून त्या घरात फिरत राहिले. मग एके दिवशी वखारीच्या भिंतीवर एक मोठा फलक लागला. त्यावर एका इमारतीचे चित्र होते. खाली हिरवळ, वर निळे आकाश, आणि मध्ये खिडक्यांवर खिडक्या. गल्लीतले एक निवृत्त आजोबा छत्रीच्या टोकाने मजले मोजू लागले, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले आणि शेवटी छत्री पुरेना म्हणून थांबले.

हे आजोबा म्हणजे मुद्देआजोबा. "माझा मुद्दा असा आहे," हे म्हटल्याशिवाय त्यांना मिठाचा डबासुद्धा मागता येत नसे. त्याच संध्याकाळी त्यांच्या अंगणात सगळी गल्ली जमली. नगररचना कार्यालयाने हरकती मागवल्या होत्या आणि आमच्या गल्लीत हरकतींना काय तोटा! कुणाला पाण्याची काळजी, कुणाला गाड्यांच्या गर्दीची. एका वहिनींना वाटत होते की वरच्या मजल्यांवरून लोक त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसतील. मुद्देआजोबांना वारा अडेल अशी भीती होती. मावशी सगळ्यांत शेवटी बोलल्या.

"मला बाकीचं काही कळत नाही. माझ्या खुर्चीवरचं ऊन जाईल. ते गेलं की माझं काम गेलं."

मग सगळे म्हणाले की हीच आपली पहिली हरकत. मला त्या माणसांचे फार कौतुक वाटले. ज्याला त्याला स्वतःची काळजी होती, पण प्रत्येकाने दुसऱ्याची काळजी आपल्या आधी मांडली.

फक्त एक घर त्यात नव्हते. ते ड्रायव्हरकाकांचे. त्यांचे सगळे आयुष्य बस चालवण्यात गेले होते. शांत माणूस. गाडी उतारावर उभी केली की चाकाला दगड लावल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाहीत. हरकतींच्या अर्जावर सही मागायला लोक आले तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "मी सही करणार नाही. मला ती इमारत हवीय." का, ते त्यांनी सांगितले नाही, आणि मुद्देआजोबांचा पारा असा चढला की विचारायचे कुणाला सुचले नाही. बिल्डरने त्यांना फितवले असेल, असे कुणीतरी बोलून गेले. बोलायला काय, जिभेला हाड नसते. हळूहळू लोक त्यांच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघू लागले.

आणि मित्रांनो, मी त्या वेळी त्यांच्याच घरी होते! काकांनी टाकी धुतली होती, म्हणून रिवाजाप्रमाणे मी त्यांच्या मागच्या भिंतीला टेकून उभी. गल्लीतले दिवे गेले, पन्हळी तुंबल्या, पण मला न्यायला कुणी येईना. लोक स्टुलावर स्टूल ठेवून चढू लागले. माझ्यापायी लोक एकमेकांच्या घरी जायचे. आता माझ्यापायी एक दार टाळले जात होते. मला फार वाईट वाटले.

एवढ्यात निरोप आला की नगररचना कार्यालयातल्या अधिकारी बाई स्वतः जागा पाहायला येणार, गल्लीचे म्हणणे ऐकणार. मग काय विचारता! रस्ता झाडला, भिंतींचे शेवाळ घासले, कुंड्यांना गेरू लागला. कुणाकडचे कप, कुणाकडची चांगली खुर्ची. मुद्देआजोबांनी भाषण पाठ करायला घेतले. तोच त्यांच्या मनात आले, "माझा मुद्दा असा आहे, की एवढ्या मोठ्या बाई येणार, त्यांना काय उन्हात बसवायचं? छत हवं." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुण्याला उन्हात बसवणे आमच्या गल्लीला शोभले नसते. कापडी छत मिळाले. ते बांधायचे कुठे? गल्ली सगळ्यांत रुंद आहे ती मावशींच्या दारापुढे. तेव्हा एक कड मावशींच्या वळचणीला आणि दुसरी वखारीच्या भिंतीला, असे ठरले. मावशीच म्हणाल्या, "बांधा, बांधा, ऐसपैस बांधा."

पण बांधायला शिडी हवी, आणि शिडी कुणाकडे? सगळे एकमेकांची तोंडे पाहू लागले. मुद्देआजोबांना ऐन वेळी खोकला आला. शेवटी मावशी उठल्या, पदर खोचला आणि काकांच्या दाराशी गेल्या.

"भाऊ, शिडी हवी होती," त्या म्हणाल्या. काकांना सगळी गल्ली काका म्हणे, पण मावशी त्यांच्या वयाच्या, म्हणून भाऊ म्हणायच्या. "कशाला हवीय ते तुम्हाला ठाऊक आहे. नाही म्हणालात तरी चालेल."

काकांनी मला उचलून बाहेर आणले. "ताई, शिडी गल्लीची आहे. मत माझं आहे. दोन्हींची गल्लत मी करत नाही." एवढे बोलून त्यांनी मला मावशींच्या घरापर्यंत पोचवले आणि कुणाकडे न पाहता परत गेले. इतक्या सरळ मनाची माणसे मी थोडीच पाहिली आहेत.

ऐन वेळी धावपळ नको म्हणून छत आदल्या दिवशी सकाळीच चढले. मुद्देआजोबा काळा कोट घालून, भाषण घोकत घोकत खालून सूचना देत होते. हात हलवण्याच्या भरात छताच्या लोखंडी आकड्यात त्यांचे कोपर अडकले आणि टर्रकन कोट फाटला. त्यांचा चेहराच पडला. मावशी म्हणाल्या, "द्या इकडे. उद्यापर्यंत तुम्हालासुद्धा सापडणार नाही."

त्या खिडकीशी बसल्या. डब्यातले धागे काढून पाहिले, डोळे चोळले, पुन्हा पाहिले. "आज डोळ्यांना काय झालंय कोण जाणे," असे पुटपुटल्या आणि एक धागा निवडून कामाला लागल्या. बाहेर ऊन रणरणत होते आणि खिडकीवर छताची गार सावली पसरली होती. मी शेजारीच टेकून उभी होते. मला सगळे दिसत होते. पण शिडीला विचारतो कोण, आणि विचारले तरी ती सांगणार कशी?

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. चेहरा गंभीर, पण डोळे मायाळू. सोबत बिल्डरचा आर्किटेक्ट होता. तरुण, गुंडाळलेले नकाशे काखेत धरलेला, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा. गल्लीने त्यालाही चहा दिला. गल्लीची माणसेच तशी. मुद्देआजोबा उभे राहिले आणि त्यांनी मुद्द्यांवर मुद्दे मांडले. ऊन म्हणजे काय, ऊन नसेल तर काय, ऊन अडवण्याचा हक्क कुणाला आहे आणि कुणाला नाही. सगळी गल्ली कौतुकाने ऐकत होती. ड्रायव्हरकाका तेवढे छताबाहेर, आपल्या पायरीवर बसले होते.

भाषण संपले. बाईंनी चहाचा घोट घेतला, वर पाहिले, आजूबाजूला पाहिले. मग अगदी साधेपणाने म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मी लिहून घेतलंय. पण एक विचारू? बाहेर एवढा उकाडा आहे आणि इथे किती छान गारवा वाटतोय. सावली तुम्हालाही आवडते असं दिसतं. मग समोरच्या इमारतीची पडली तर नेमकं काय बिघडेल?"

आर्किटेक्ट हळूच म्हणाला, "मॅडम, आम्हीही हेच म्हणत होतो."

आणि त्या क्षणी, मित्रांनो, अख्ख्या गल्लीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. उन्हासाठी भांडायला बसलेल्या माणसांनी आपल्याच हाताने ऊन अडवून ठेवले होते! जे दाखवायचे तेच झाकले होते, आणि तेही पाहुणीला त्रास नको म्हणून. वहिनींनी कपाळावर हात मारला. मुद्देआजोबांकडचा मुद्दा संपलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मावशी मात्र उठल्या. त्यांनी मला ओढून वळचणीला लावले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. घाईत माझा पाय धरायचे कुणाच्या लक्षात आले नाही. त्या दुसरी पायरी चढल्या आणि मी डाव्या बाजूला कलले. एवढ्या वर्षांत मी कुणाला पाडले नव्हते. आता मावशींना पाडते की काय?

तेवढ्यात माझ्या डाव्या पायावर दोन हात घट्ट पडले. मी ते हात ओळखले. ड्रायव्हरकाका पायरीवरून धावत आले होते.

"सावकाश, ताई. धरलंय मी."

मावशी वर गेल्या आणि एकेक आकडा सोडवू लागल्या. शेवटचा आकडा सुटला तसे ते छत धप्पकन खाली आले, नेमके मुद्देआजोबांच्या डोक्यावर. चहाचे कप वाजले, पळापळ झाली. आणि वखारीच्या भिंतीवरून ऊन आत शिरले. ते टेबलावर पडले, खिडकीत शिरले, मावशींच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. कापडाखाली आजोबांची धडपड चालू होती. आधी त्यांचे कोपर बाहेर आले, मग ते.

अधिकारी बाई त्या कोपराकडे पाहत राहिल्या. "आजोबा, तुमच्या कोटाला हे निळं कसलं?"

सगळ्यांनी पाहिले. काळ्याभोर कोटाच्या कोपरावर हातभर अंतरावरूनही दिसेल असा निळा डाग होता. ते काम कुणाचे हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि कुणालाच ते नाव घ्यायचे नव्हते. मुद्देआजोबांनी तर पटकन दुसऱ्या हाताने कोपर झाकले आणि म्हणाले, "छे, छे, चहा सांडला असेल."

मावशी अजून माझ्यावरच उभ्या होत्या. त्यांना गप्प राहता आले असते. एवढ्या वर्षांचा त्यांचा अभिमान त्या कोपरावर टांगलेला होता.

"चहा नाही बाई, ते माझं रफू आहे," त्या वरूनच स्पष्ट आवाजात म्हणाल्या. "काल दुपारी त्या खिडकीत बसून केलं. वर हे छत होतं. मला धागा काळा वाटला, निघाला निळा. रफू सापडलं असं माझ्या बाबतीत आजवर झालं नव्हतं. एका दिवसाच्या सावलीत झालं. ती इमारत झाली की रोज होईल. मला एवढंच दाखवायचं होतं, पण आम्हा शहाण्यांनी तेच झाकून ठेवलं."

बाई उठल्या. आधी त्या मावशींच्या खुर्चीशी जाऊन उभ्या राहिल्या, उन्हात हात धरून पाहिला. मग माझ्याजवळ आल्या आणि काकांना म्हणाल्या, "तुमचीही हीच हरकत का?"

"नाही," काका म्हणाले. त्यांनी माझा पाय सोडला नव्हता. "मला ती इमारत हवीय. माझी लेक, जावई आणि नात शहराच्या दुसऱ्या टोकाला एका भाड्याच्या खोलीत राहतात. तिथे निजायचं तरी पाळ्या लावाव्या लागतात. इथे समोर घर झालं तर माझ्या म्हातारपणी ती जवळ येईल. म्हणून मी सही केली नाही."

"मग शिडी का धरलीत?"

काकांना प्रश्नच कळला नाही असे दिसले. "शिडीवर माणूस होतं ना," ते म्हणाले.

त्यावर मुद्देआजोबांनी मान खाली घातली. इतके दिवस ज्या माणसाला फितूर म्हटले, त्याचे कारण विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. वर मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. "भाऊ, आधी बोलला असतात तर!" त्या म्हणाल्या. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "लिहून घ्या बाई. घरं बांधूच नका असं माझं म्हणणं नाही. यांची लेक यायला हवी. फक्त उंच भाग मागे, वखारीमागच्या नाल्याच्या बाजूला न्या आणि गल्लीकडे बुटका ठेवा. एवढं जमतं का बघा."

सगळ्यांची नजर आर्किटेक्टकडे गेली. तोही भला माणूस निघाला. तो नकाशे टेबलावर उलगडून कागदाआड लपला नाही. "मला या खुर्चीवर थोडा वेळ बसू द्याल?" असे त्याने मावशींना विचारले. पुढे तो कितीतरी वेळा आला, सकाळी, दुपारी, ढगाळ दिवशीही, आणि त्या खुर्चीवर बसून भिंतीकडे पाहत राहिला. मावशी त्याला धागे ओळखायला लावायच्या आणि चुकला की खदखदून हसायच्या.

सगळे काही गोड झाले असे मी सांगणार नाही. बैठका झाल्या, वाद झाले, बिल्डरने पाय आपटले. शेवटी इमारत झाली, पण उंच भाग मागे सरकला आणि गल्लीकडे मोजके बुटके मजले आले. मावशींचे दुपारचे ऊन आता पूर्वीपेक्षा लवकर जाते. सकाळचे मात्र वाचले आणि तेवढ्यात त्यांचे काम होते. त्यांनी मुद्देआजोबांना कोट उसवून पुन्हा नीट करून देते म्हणून किती विनवले, पण आजोबा तो द्यायला तयार झाले नाहीत. "माझा मुद्दा असा आहे," ते निळे कोपर पुढे करून सांगतात, "की हाच माझा सगळ्यात चांगला मुद्दा आहे."

आणि माझे काय झाले? बांधकामाच्या दिवसांत सगळीकडे हलक्या, चकचकीत शिड्या आल्या. त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहतात, त्यांना भिंत लागत नाही की माणूस. एकेका घराने तशी घेतली. मला मावशींच्या वळचणीखाली आडवे टांगले गेले. माझे एक टोक पावसात भिजायचे. एका पायरीला चीर गेली. "शिडी कुणाकडे आहे?" हा प्रश्न गल्लीत ऐकू येईनासा झाला. आता आपले दिवस भरले, असे समजून मी गप्प पडून राहिले.

एके सकाळी मावशींच्या दारात एक बाई उभी राहिली. चेहरा ड्रायव्हरकाकांचा, तसाच शांत. ती त्यांची लेक. समोरच्या इमारतीत, गल्लीकडच्या पहिल्या मजल्यावर ती राहायला आली होती.

"मावशी, पडदे लावायचेत. बाबा म्हणाले, शिडी गल्लीची आहे, विचारून ये. कुणाकडे असते?"

माझे तर कानच टवकारले गेले! मावशींनी सुई कापडात खोचली, चष्मा काढला आणि मला खाली घेतले. माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि चिरलेल्या पायरीला कापडाची पट्टी करकचून बांधली. "ने. पण हिच्यावर एकटीने चढायचं नाही. हिचा पाय आखूड आहे. तुझ्या बाबांचे हात आता थरथरतात. थांब, मीच येते."

मावशी त्या इमारतीत कधी गेल्या नव्हत्या. राग नव्हता, पण पाय वळला नव्हता एवढे खरे. त्या दिवशी आम्ही दोघी जिना चढून गेलो. नव्या घरातली फरशी इतकी सपाट, की भिंतीला लावताच माझे बिंग फुटले आणि मी डावीकडे डगमगले. मावशींनी खाली बसून माझा पाय दोन्ही हातांनी धरला. लेक चढली. पडद्याची दांडी बसवताना तिने फरशीपर्यंत आलेली मोठी खिडकी उघडली आणि मावशींनी बसल्या जागेवरून बाहेर पाहिले.

खाली गल्ली होती. समोर त्यांचे घर, त्यांची खिडकी, त्यांची खुर्ची. खुर्चीवर अर्धवट रफू केलेली कुणाची तरी शाल होती आणि तिच्यावर सकाळचे स्वच्छ ऊन पडले होते. आपली खुर्ची समोरून त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. त्या बघतच राहिल्या.

"मावशी, धरलंय ना?" वरून लेकीने विचारले.

"धरलंय गं. तू बिनघोर लाव."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुमच्याही घरात, गल्लीत माझ्यासारखी एखादी जुनी शिडी असेल, तर तिला पावसात टाकू नका. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, पायऱ्या हलवून पाहा, चीर गेली असेल तर बांधा. मलाही एवढे केलेत तर मी आणखी काही वर्षे टिकेन. फक्त एक विनंती आहे. कुणी हौशी माणूस फुटपट्टी घेऊन माझे पाय सारखे करायला आला, तर त्याला हात जोडा आणि चहा पाजून परत पाठवा. माझा डावा पाय बोटभर आखूडच राहू द्या.